निःस्वार्थी माणसाची धास्ती

चोराशी, गुंडाशी, फार तर व्हिसा ऑफिसरशी माणूस कसंबसं निभावून नेईल. पण निःस्वार्थी माणसाबरोबर एका घरात राहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. ॲडलेडच्या मॉसन लेक्स या उपनगरात मी तीन वर्षं माझ्या हाउसमेटच्या धास्तीत काढली. साताऱ्याचा काडीपैलवान, चष्म्याला दोरी, इतिहासात पीएचडी. विषय काय, तर एकोणिसाव्या शतकातल्या कॉलेजांत निःस्वार्थपणा हे ध्येय कसं रुजलं! त्या काळी म्हणे विलायतेतले प्रोफेसर वर्गात 'स्वतःला विसरा' असं सांगायचे आणि आपल्या पुण्यातली पोरं बी.ए. होऊन सरकारी नोकऱ्या लाथाडायची, पोटापुरतं घेऊन शाळांत शिकवायची. "आणि त्यांच्या बायकांचं काय रे?" मी एकदा विचारलं. "त्यावर चौथं प्रकरण आहे," तो गंभीरपणे म्हणाला. लोक प्रबंध लिहून मोकळे होतात; या पठ्ठ्यानं तो पाळायला घेतला होता.

आंघोळीला हा शेवटी, म्हणजे गरम पाणी संपल्यावर. ॲडलेडच्या जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन थंडीत, तो कुडकुडत बाहेर यायचा आणि वर "मस्त वाटलं" म्हणायचा. एकदा बसच्या दारात त्याची एका ऑस्ट्रेलियन आजोबांशी गाठ पडली. "आफ्टर यू, मेट." "नो नो, आफ्टर यू." दोघंही हाडाचे सज्जन; ड्रायव्हर दोघांनाही तिथंच सोडून निघून गेला. त्यानं स्वतःचं काहीही द्यावं हो, पण शेजारच्या म्हातारीचा हीटर बिघडला म्हणून आमच्या घरातला एकुलता एक हीटर तिच्याकडे गेला. माझं जाड जॅकेट युनिव्हर्सिटीतल्या कुणा नव्या मुलाच्या अंगावर दिसलं. "तुझ्याकडे दोन होती की," हा वर मलाच म्हणतो. "दुसरं पावसाचं आहे, गाढवा!" घरी येऊन कुलपात किल्ली फिरवताना रोज एकच धास्ती, की आज काय गेलं असेल.

पण खरी भीती मला नंतर कळली. आमचे दोघांचेही व्हिसा एकाच सुमारास संपत आले होते आणि शहरातल्या एका जुन्या कॉलेजच्या दफ्तरखान्यात एक जागा निघाली. ती मिळाली तर राहता येणार होतं, नाहीतर बॅग भरायची. मी लायब्ररीचा कोर्स केलेला, आणि हा त्या शतकाचा जाणकार. दोघांनाही मुलाखतीचं बोलावणं आलं. शंभरदा मुलाखत झाली असती तरी शंभरदा त्यालाच घेतलं असतं. माझी अन्नावरची वासना उडाली. हा मात्र माझ्या शर्टाला इस्त्री करत होता. याच्यासमोर कुणी रडलं की हा विरघळतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या दिवशी दुपारी चहा पिताना मी रडलो. आईला काय सांगू, परत जाऊन कुणाला तोंड दाखवू, सगळं सगळं बोललो. त्यातला एक शब्द खोटा नव्हता, पण वेळ मी निवडली होती. त्यानं आपल्या कपातला चहा माझ्या कपात ओतला.

दुसऱ्या दिवशी मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्या मित्रानं सकाळीच माघार घेतली. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग स्वतःचीच शिसारी आली. तरी नोकरी घेतली, घेतलीच. महिन्याभरानं त्याला एअरपोर्टवर सोडायला गेलो. "बाबांना काय सांगू रे? भीती वाटतेय," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतःबद्दल बोलत होता आणि मी नुसता त्याच्या बॅगेकडे बघत राहिलो.

आता तो साताऱ्याजवळच्या एका लहानशा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. दर रविवारी फोन करतो, माझ्या नोकरीची चौकशी करतो. फोन वाजला की वाटतं, आज हा त्या रडण्याचं विचारणार. पण तो कधीच विचारत नाही. शेवटी गेल्या रविवारी माझाच धीर सुटला.

"त्या दिवशी मी मुद्दाम रडलो होतो रे."

"माहितीय."

"मग सोडलीस कशाला जागा?"

"घाबरला होतास ते तर खरं होतं ना?"

"हो."

"मग झालं तर. जेवलास का?"

जेवलो म्हणालो. बरं म्हणून त्यानं फोन ठेवला. तू जेवलास का, एवढंसुद्धा त्याला विचारायचं मला सुचलं नाही.