डॉक्टरीणबाईंचा सल्ला

मॅट्रिक झाल्यावर मला ठाण्यात एका औषध कंपनीत नोकरी लागली. कंपनी म्हणजे टेंभी नाक्याजवळच्या तीन खोल्या आणि कोलशेतच्या बाजूला एक शेड. तिथे बाटल्या भरत. औषध एकच, पाळी जायच्या वयातल्या बायकांसाठी. अंगाचा भडका, निद्रानाश, उगीच येणारं रडू, सगळ्यावर तेच. जाहिरातीखाली ओळ असे : ‘संकोच न बाळगता आमच्या डॉक्टरीणबाईंना लिहा.’

डॉक्टरीणबाई कुणी नव्हत्याच. पत्रं मी फोडायची, एकोणीस वर्षांची, बिनलग्नाची मुलगी. उत्तरं चार प्रकारची छापून ठेवलेली. दुखणं ज्याच्याशी जुळेल ते उचलायचं, सहीचा रबरी शिक्का मारायचा, पाकिटावर पत्ता टाइप करायचा. बायका काय काय लिहीत! एकीची सून तिला ‘नाटकी’ म्हणायची. एकीच्या नवऱ्याने तिला कायमची माहेरी धाडली होती. मी शिक्के मारत होते.

घरी मी सांगितलं होतं, पार्सलांचं रजिस्टर लिहिते. पत्रांतलं आईवडिलांपुढे कसं उच्चारायचं?

आमचं बिऱ्हाड डोंबिवलीला. आईला पन्नाशी लागत होती. जेवताजेवता ती एकदम ताट सरकवून पदराने वारा घ्यायची, घामाने चिंब व्हायची. वडील म्हणत, “डोकं फिरलंय हिचं.” आणि दिवसभर हेच वाचून आलेली मीही तिच्यावर खेकसायचे, “अगं आई, काय सारखं चाललंय तुझं?”

एके दिवशी एक पाकीट फोडलं आणि अक्षर बघून हात थांबला. आईचं अक्षर. खाली ‘एक भगिनी’, पत्ता शेजारच्या काकूंचा. लिहिलं होतं, पाळी बंद होऊन वर्ष लोटलं, आता परत अंगावरून जायला लागलंय, ओटीपोटात दुखतं. घरात कुणाला सांगता येत नाही. मुलगी आपल्याच कंपनीत आहे, तिला कृपा करून कळू देऊ नये.

मी ते पत्र घेऊन मालकांकडे गेले. आईचं आहे म्हणून सांगितलं नाही. “साहेब, या बाईंना वर्षाने परत जायला लागलंय.”

त्यांनी वरही पाहिलं नाही. “या वयात चालायचंच. चार नंबरचं पाठवा.”

चार नंबरमध्ये होतं, ‘घाबरू नये. हे निसर्गाला धरून आहे. औषध नेमाने चालू ठेवावे.’ मालक इतकी वर्षं या धंद्यात, त्यांना कळत असणार, असं मी मनाला समजावलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आईशी बोलावं लागणार नव्हतं. मी शिक्का मारला.

आईने आठ महिने ते औषध घेतलं. बाटली तांदळाच्या डब्यामागे असायची. मला ठाऊक होतं आणि मी तिकडे बघत नव्हते.

शेवटी ती मोरीत चक्कर येऊन पडली, तेव्हा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई, या खऱ्या, चिडून म्हणाल्या, “पहिल्यांदा गेलं तेव्हाच का नाही आलात? गर्भाशयाचा कॅन्सर आहे. फार पसरलाय.”

आई अपराध्यासारखी म्हणाली, “तुमच्यासारख्याच एका बाईंनी लिहिलं होतं, घाबरू नका म्हणून.” तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढून दिला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला.

दुसऱ्या दिवशी खाटेशी बसून मी तिला सगळं सांगितलं.

“म्हणजे पत्र तू वाचलंस.”

“हो.”

“अक्षर ओळखलंस?”

“ओळखलं.”

“मग घरी येऊन मला विचारलं का नाहीस गं?”

तिने ते पुन्हा विचारलं नाही. पुढे सव्वादोन महिने जगली. माझ्याशी बोलायची, पण पाहुण्याशी बोलावं तशी.

तेराव्यानंतर मी कामावर परत गेले. लोकांना नवल वाटलं. जिच्या पत्रात रक्त जात असल्याचं असेल, तिला मी छापील कागद पाठवत नसे. स्वतःच्या हाताने लिहायचे, ‘हे औषध बंद करा. आजच्या आज इस्पितळात जा.’ चार महिने हे चाललं. मग कुणा बाईच्या नवऱ्याने तो कागद कंपनीत आणून दाखवला आणि मालकांनी मला काढून टाकलं. माझ्या जागी दुसरी मुलगी आली. जाहिरात तशीच छापून येत राहिली.