ऑपरेशनआधीचा गुलाल
परवा रक्तदानाला सिस्टरनं हाताला तपकिरी औषधाचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी माझा मोडलेला गुडघा आठवला. ऑपरेशनआधी पाय याच औषधानं खसाखसा घासून निर्जंतुक कापडात गुंडाळला होता. सिस्टर वळताच आईनं कापड सोडून गुडघ्यावर जोतिबाचा गुलाल फासला. डॉक्टर कडाडले, "मावशी, जंतू आत गेले तर पाय जाईल!" "देवाचा हाय की!" आईनं सुनावलं. पाय पुन्हा घासला, डॉक्टरांनी गुलालाची पुडी जप्त केली. काही महिन्यांनी मी काठीविना डॉक्टरांसमोर चालून दाखवलं. त्यांनी खणातून तीच पुडी काढली आणि सोबत आलेल्या आईपुढे मान वाकवली. "गुलाल जिंकल्यावर, मावशी. आता लावा." आईनं त्यांचा पांढरा कोटसुद्धा गुलाबी केला. परवा रक्त देऊन त्याच पायानं जिना उतरताना मी मोठ्यानं म्हणाले, "चांगभलं!"