कारणाचा रकाना

बाबांना ‘आपोआप’ हा शब्द अजिबात खपत नसे. कप फुटला आणि मी म्हटलं, “आपोआप पडला,” की संपलंच. कप कडेपासून किती आत होता, टेबल ओलं होतं का, घाईत कोण होतं, अशी उलटतपासणी सुरू व्हायची. देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सचे फोरमन होते. साताऱ्याकडून नोकरीसाठी आले आणि इकडचेच झाले. यंत्र बंद पडलं की रजिस्टरमध्ये नोंद करायची: यंत्र कोणतं, वेळ काय, काय तुटलं, आणि शेवटच्या रकान्यात कारण. तो रकाना बाबांनी नोकरीभर कधी रिकामा सोडला नाही. एखाद्या फिटरने तिथे “पता नहीं” लिहिलं तर त्याला घरून बोलावून आणत. “पता नहीं म्हणजे काय, भिया? बेअरिंग को पता है, तुमको नहीं?”

मी त्यांचीच मुलगी, तितकीच चिडकी. पण पोटासाठी मी अशा विषयात शिरले, जिथे तो रकाना कधीकधी रिकामाच सोडावा लागतो. धारच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवत होते. शिकवायचं हिंदीतून, पुस्तकं इंग्रजी, आणि शनिवारी देवासला घरी आले की मराठी. क्वांटम म्हणजे काय गं, असं आई दरवेळी विचारायची आणि मी दरवेळी म्हणायचे, “सांगेन कधीतरी, आत्ता डोकं दुखतंय.” ते कधीतरी आलंच नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका मंगळवारी आई गेली. त्या दिवशी बाबांची साप्ताहिक सुट्टी होती, पण कारखान्यात कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून माणूस बोलवायला आला आणि बाबा गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा आई स्वयंपाकघरात ओट्याशी पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, दुपारीच गेल्या असाव्यात.

हे झालं सगळ्यांना ठाऊक असलेलं. आता कुणालाच ठाऊक नसलेलं सांगते. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आईचा मला धारला फोन आला होता. मी भाड्याच्या खोलीत राहायचे, फोन खाली घरमालकांकडे. आई कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून बोलत होती. म्हणाली, “जबडा ओढल्यासारखा होतोय गं. डावा हातही जड वाटतोय.” बारा वाजता माझं प्रॅक्टिकल होतं, साडीच्या निऱ्या अजून हातात होत्या. मी म्हटलं, “ऍसिडिटी आहे. सकाळी कचोरी खाल्लीस ना? गोळी घे आणि पडून राहा.” ती म्हणाली, “तसंच असेल.” मग विचारलं, “शनिवारी येतेस ना?” मी म्हटलं, “बघते.”

बघते! जन्मदात्री आईला मी शेवटचा शब्द हा दिला.

दिवसकार्य उरकून मी धारला परतले. त्यानंतर पहिल्यांदा घरी गेले, तर बाबा खुर्चीत बसून होते आणि मांडीवर फुलस्केप कागद होता. पट्टीने रकाने आखलेले. वेळ लिहिली होती, काय झालं ते लिहिलं होतं. कारणाच्या रकान्यात त्यांच्या त्या सरळ, उभ्या अक्षरात लिहिलं होतं: “मी घरी नव्हतो.” बायकोचं मरण माणूस असं लिहितो का? पण बाबांना दुसरं येतच नव्हतं.

तेव्हापासून मला दोनच गोष्टी हव्या होत्या. बाबांनी तो ठपका स्वतःवरून काढावा, आणि त्या फोनचं त्यांना कधी कळू नये. यांतली दुसरी जास्त हवी होती. खोटं कशाला बोलू?

दर शनिवारी धारहून इंदूर, इंदूरहून देवास. बसमध्ये मी शब्द जुळवत यायचे. एका शनिवारी बाबांनीच विषय काढला. “तुझ्या आईला सांगायचं राहिलं ते मला तरी सांग. काय शिकवतेस तू तिथे?” मी उठले, कढई तापत ठेवली आणि मूठभर मका टाकला.

“आता सांगा, यातला कुठला दाणा आधी फुटेल?”

“सांगता नाही यायचं.”

“पण अर्धे दाणे किती वेळात फुटतील?”

“ते सांगता येईल. दोनचारदा करून बघितलं की.”

“काही अणू असेच असतात. आपल्या आपण फुटतात. ढीगभर असले तर अर्धे कधी फुटतील हे आम्ही बिनचूक सांगतो. पण हा एक अणू आत्ता का फुटला आणि शेजारचा हजार वर्षं का बसून राहणार, ते सांगता येत नाही.”

बाबा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि तेही माझी कीव येऊन. “अगं, एखादा दाणा ओला असतो, एखाद्याचं साल पातळ असतं. तुम्हाला दिसत नाही म्हणून कारण नाही? माझ्याकडे असतीस तर तुला कामावरून काढलं असतं.”

हाच तर खरा प्रश्न आहे, आणि मोठमोठी डोकी त्यावर भांडली आहेत. मी त्यांना सांगितलं, मक्याच्या दाण्यात फरक असतो, अणूत नसतो. एका जातीचे दोन अणू म्हणजे तंतोतंत तेच. ओला नाही, सुका नाही, जुना झालेला नाही. म्हातारपण नावाची गोष्टच त्यांना नाही. काल जन्मलेला आणि पृथ्वीइतका जुना, दोघांची उद्या फुटण्याची शक्यता सारखीच.

“आत एखादा वायसर असेल,” बाबा म्हणाले, “तुम्हाला अजून न सापडलेला.”

“तेही तपासलंय, बाबा. एकाच जागी जन्मलेले दोन कण दोन दिशांना लांब पाठवायचे आणि दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारायचे. उत्तरं दोघांनी आधीच खिशात ठेवलेली असतील, तर ती एका मर्यादेपर्यंतच जुळू शकतात. नुसता हिशेब करून ती मर्यादा काढता येते. प्रत्यक्षात ती त्याहून जास्त जुळतात. म्हणजे उत्तर खिशात नसतंच. विचारल्यावर ठरतं. यातून सुटायच्या पळवाटा आहेत, पण त्या पत्करल्या तर याहून विचित्र काहीतरी मानावं लागतं.”

कढईतले उरलेले दाणे करपले. मग त्यांनी मला नको होता तोच प्रश्न विचारला. “पण हे एवढ्याएवढ्याशा गोष्टींचं ना? माणसाचं नाही?”

इथे एखाद्या विद्यार्थ्याने चुकीचं उत्तर दिलं असतं तर मी त्याचा पेपर लाल करून टाकला असता. कोट्यवधी अणू एकत्र आले की एकेकट्याचा लहरीपणा सरासरीत मिटून जातो. म्हणून कप पडतो तो कडेवर ठेवल्यामुळे, बेअरिंग जातं ते तेल न दिल्यामुळे, आणि हृदय बंद पडतं ते रक्तवाहिनी तुंबल्यामुळे. वेळेत दवाखान्यात नेलं तर पुष्कळदा माणूस वाचतो. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी म्हटलं, “माणूसही अणूंचाच असतो, बाबा. काही गोष्टींना कारण नसतं.”

पुढच्या शनिवारी तो कागद टेबलावर होता. “मी घरी नव्हतो” यावर एकच सरळ रेघ मारलेली, रकाना रिकामा. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची शिसारी आली. ज्या विद्येवर मी जगते तिला मी घरात खोटी साक्ष द्यायला उभी केली होती, आणि ती साक्ष माझ्याच सोयीची होती.

बाबांना मात्र नाद लागला. शनिवारी मी चपला काढायच्या आधी विचारायचे, “आज काय?” पुढे गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाला आयत्या वेळी कुणी वक्ता मिळेना, तर बाबांनी माझं नाव पुढे केलं. मी खूप चिडले. “तिथे पोरांना मराठी वाचता येत नाही आणि म्हाताऱ्यांना आरतीची घाई, कुणाला सांगू क्वांटम?” बाबा म्हणाले, “मला सांग. मी पुढच्याच खुर्चीवर आहे.”

मी परात भरून पाणी नेलं. तेव्हा देवासला नळाला चारचार दिवस पाणी नसायचं, त्यामुळे परात बघूनच बायकांमध्ये कुजबुज झाली. पाण्यात दोन बोटं बुडवून लाटा उठवल्या. दोन लाटा भेटतात तिथे कुठे उंचवटा होतो, कुठे पाणी सपाट राहतं, पट्ट्यांची नक्षी होते. मग सांगितलं, आता पाणी नको, कण घ्या. एका वेळी एकच सोडा. समोर दोन फटी असलेली भिंत, तिच्यामागे पडदा. प्रत्येक कण पडद्यावर एकाच ठिकाणी टिंब उठवतो. पण हजारो टिंबं जमली की तीच लाटांची पट्टेदार नक्षी दिसते. एकेकटा आलेला कण जणू दोन्ही फटींतून आला. बरं, नक्की कुठून आला ते बघायला फटींशी पहारेकरी ठेवा. तो बरोबर सांगेल, हा डावीकडून, हा उजवीकडून. पण नक्षी गेली! पडद्यावर नुसते दोन ढीग उरतात. पहारेकरी कितीही हलक्या हाताचा असो. कण कुठून गेला याची नोंद कुठेतरी झाली, एवढं पुरतं.

मागून एक पोरगं ओरडलं, “आंटी, मग बघितलं नाय तर तो सच्ची में कुठून जातो?” मी म्हटलं, “बघितलं नाही तर या प्रश्नाला उत्तरच नाही. लपवलेलं नाही, मुळात नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, बहुधा संपलं म्हणून. परातीतलं पाणी एका काकूंनी लगेच मंडपातल्या तुळशीला घातलं. बाबा टाळ्या न वाजवता तसेच बसून होते.

वर्षं गेली. बाबा रिटायर झाले, दम लागू लागला, कॉलनीतल्या लोकांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत बसायचे. मी धारलाच राहिले. लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारू नका, आमच्या घरात तो विषय निघाला की मी उठून जायचे. बाबांशी बोलणं मात्र कधी तुटलं नाही. ते शनिवार होते म्हणून मी माणसात राहिले, आणि प्रत्येक शनिवारी मी त्या फोनचं सांगायचं ठरवून यायचे आणि न सांगताच परत जायचे.

दोन हजारनंतरच्या एका हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी गॅलरीत उन्हाला बसून बाबा आमचाच जुना मिक्सर उघडत होते. मी मटार सोलत होते. स्क्रू ठेवायला त्यांनी पत्र्याची डबी काढली आणि तिच्या तळाशी घडी केलेली एक चिठ्ठी होती ती माझ्यासमोर ठेवली. एसटीडी बूथची छापील चिठ्ठी, पिवळी पडलेली, शाई पुसट झालेली. तरी वाचता येत होती. धारचा नंबर. तो मंगळवार. वेळ अकरा वाजून सहा मिनिटं. बोलणं तीन मिनिटं.

“तिच्या पर्समध्ये सापडली होती,” बाबा म्हणाले, “दहाव्यालाच.”

म्हणजे पहिल्यापासून! मक्याच्या दाण्यांच्या आधीपासून. ती रेघ मारायच्या आधीपासून. मी ज्यांना इतकी वर्षं फसवत होते ते बाबा सगळं जाणून माझं फसवणं ऐकून घेत होते. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“विचारलं का नाहीत मला?”

“मलाही कळत नव्हतं का विचारत नाही ते. माझा स्वभाव तो नव्हे. पुष्कळदा तोंडाशी यायचं.” ते मोटरीत नवे कार्बन ब्रश, फिरत्या भागाला वीज पोचवणारे ते छोटे तुकडे, बसवत राहिले. “मग तू गणपतीत त्या फटींचं सांगितलंस. कुठून गेला ते विचारलं की नक्षी मोडते म्हणालीस. तेव्हा समजलं. विचारलं असतं तर कारण मिळालं असतं गं. पण शनिवारी तू आली नसतीस.”

“बाबा, हे फक्त कणांचं असतं. माणसांचं नसतं. मी तुम्हाला खोटं—”

“ते मला माहीत आहे. मी तीस वर्षं यंत्रं उघडलीत.”

आता सांगायचंच, असं मी ठरवलं. मटाराचं ताट बाजूला केलं, त्यांच्या समोर सरकले. “त्या दिवशी आई म्हणाली की—”

बाबांनी मिक्सरचं बटण दाबलं.

वर भांडं नव्हतं, नुसती मोटर. गॅलरीभर तिचा कर्कश आवाज घुमला. मी थांबले नाही. त्या आवाजात मी सगळं बोलून टाकलं, जबडा, डावा हात, ऍसिडिटी, हातातल्या निऱ्या, आणि ते “बघते”. मलाच माझा शब्द ऐकू येत नव्हता. बाबांनी एकदाही वर पाहिलं नाही. माझे ओठ हलायचे थांबेपर्यंत ते मान खाली घालून फिरणाऱ्या मोटरकडे बघत होते, बटणावरचं बोट न उचलता.

मग त्यांनी मिक्सर बंद केला.

“कार्बन ब्रश झिजले होते,” ते म्हणाले. “दुसरं काही नाही.”