हर्षलाची लाल स्क्रीन

हर्षलाशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या खोपोलीच्या ऑफिसात अजून जन्माला यायचाय. भिसेगावची ही बाई रोज स्कूटीवरून येते, टेकायच्या आधी लॅपटॉप उघडते, आणि दुसऱ्याच्या कामात चूक सापडली की तिचा चेहरा असा खुलतो की आपल्याला राग यावा. मला तर यायचाच. तिचा भाऊ दशरथ रसायनीच्या एका कारखान्यात टाक्यांवर काम करतो, आणि त्याच कारखान्याचं सॉफ्टवेअर आम्हा दोघांकडे आलं.

सात टाक्या. कारखान्याच्या ऑफिसातला प्रोग्रॅम विचारणार, तापमान किती. टाक्यांजवळचा प्रोग्रॅम सांगणार. विचारणारा हर्षलाने एका कॉम्प्युटर-भाषेत लिहिला, सांगणारा मी दुसऱ्या भाषेत. भाषा कुठलीही असो, नियम एकच: प्रत्येक प्रश्नाला क्रमांक, आणि उत्तरावर तोच क्रमांक परत. मी मात्र सगळ्या उत्तरांवर सरळ शून्य टाकलं होतं. शेलूला घरी बसून एकेक प्रश्न विचारला, एकेक उत्तर बरोबर आलं, मग क्रमांक हवाय कुणाला? हा शहाणपणा माझाच.

चाचणीच्या दिवशी दशरथ चार नंबरच्या टाकीवर चढून बसला. पूर्वी तो टाकीच्या बुडाशी असलेलं तापमानाचं गेज पाहून मग वर चढायचा, कारण गरम टाकीचं झाकण उघडलं की वाफ थेट तोंडावर येते. आता स्क्रीनवर चाळीसच्या खाली आकडा आला की आम्ही फोनवर सांगायचं, त्याने झाकण उघडून नमुना काढायचा. आम्ही दोघं कारखान्याच्या ऑफिसात, तिथले मॅनेजरसाहेब हाताची घडी घालून मागे उभे. हर्षलाने सातही टाक्यांना एकदम विचारलं.

अख्खी स्क्रीन लाल!

आदल्या दिवशी बाईसाहेबांनी मला न विचारता एक तपासणी घातली होती: क्रमांक जुळला नाही तर आकडा दाखवायचाच नाही. माझं डोकं फिरलं. मॅनेजर मागे उभे आणि हिचं सोवळं!

"बंद कर गं ते," मी दबक्या आवाजात म्हणालो. "उत्तरं येतायत ना? क्रमानं लाव. माझ्या लॅपटॉपवर चौथं बत्तीस आलंय बघ."

"चौथं आलं म्हणून चार नंबरचं कसं रं?" ती मोठ्याने म्हणाली. "गिरणीत भाताच्या पोत्यावर जो आकडा, तोच तांदळाच्या पोत्यावर. आधी भरडून झालं म्हणून कुणाचंबी पोतं उचलून नेतोस का?"

"जमत नसेल तर सांगा, आम्ही दुसरं कुणी बघतो," साहेब म्हणाले.

हर्षलाने तपासणी तशीच ठेवली. तिने फोन उचलला. "दादा, झाकणाला हात लावू नको. खाली उतर, गेज बघ."

आम्ही थांबलो. मग दशरथचा आवाज आला, "चौऱ्याऐंशी."

मी टाक्यांजवळच्या प्रोग्रॅमची नोंद उघडली. बत्तीस सात नंबरच्या टाकीचं होतं. त्या टाकीचं उत्तर नुसतं चौथ्या क्रमाने पोचलं होतं.

"शून्य माझं हाय साहेब," मी म्हणालो. "हिची काही चूक नाय."

दोन ओळींचा बदल. प्रश्नाचा क्रमांक घ्यायचा, तोच परत पाठवायचा. हर्षलाने पुन्हा सातही प्रश्न सोडले आणि ओरडून वाचायला लागली, "एकशे एक गेला, एकशे एक आला! एकशे दोन गेला..." उत्तरं वाट्टेल त्या क्रमाने येत होती आणि बरोबर आपापल्या जागी बसत होती. चार नंबर: चौऱ्याऐंशी! तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा खाली पडला. मी हसत होतो की रडत होतो, मलाच कळेना. मॅनेजरसाहेबांनी स्वतः चष्मा उचलून दिला.

तीन तासांनी चार नंबर अडतीसवर आला. दशरथ पुन्हा वर चढला होता. "हर्षे, उघडू का गं?"

तिने फोन माझ्या हातात दिला. "तू सांग."

मी क्रमांक दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा बोट लावून पाहिला. "उघड, दशरथदादा," म्हणालो, आणि झाकणाचा आवाज येईपर्यंत फोन कानाला घट्ट धरून उभा राहिलो.