सात नंबरची बाटली

“ही आमची बाटल्या धुणारी. हिच्याच हातून काहीतरी झालं असणार.”

सर माझ्याकडं न बघता बोलले. पुण्याहून आलेल्या मॅडमसमोर. मी दारात उभी. हात ओले. मॅडमनी एकदा माझ्या हातांकडं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बाटल्या मी धूत होते, हे खरं. बी.एस्सी. होऊन धूत होते.

धारूरच्या बाजूचं आमचं गाव. बाप मेंढरं राखायचा. घरात शिकलेली मी पहिली. बीडच्या एमआयडीसीत आवळ्याचा मुरंबा आणि कँडी करायचा कारखाना निघाला, तिथं लॅबमध्ये लागले. कागदावर हेल्पर. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “मेंढरांचा वास येत नाही ना गं तुला? इथं खाण्याचा माल असतो.” सगळे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची लाज अजून जात नाही.

सर मुख्य केमिस्ट. ते केबिनमध्ये पेपर वाचायचे. आवळ्यातलं क जीवनसत्त्व मी मोजायचे. उभ्या नळीतून निळा रंग थेंब थेंब सोडायचा, खाली फ्लास्क हलवत राहायचा, गुलाबी छटा टिकली की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर उभं राहून पिंढऱ्या भरून यायच्या. आकडा माझा, सही सरांची. चार वर्षं असंच.

तेव्हा देशाचा बाजार नुकता उघडलेला. मालकाला कँडी दुबईला पाठवायची होती. त्यासाठी जीवनसत्त्व मोजायची एकच पद्धत सगळीकडं मान्य व्हायला पाहिजे होती. म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं आठ लॅबना सारखेच नमुने पाठवले. तपकिरी बाटल्या, वर फक्त नंबर. आत किती आहे ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आठही ठिकाणचे आकडे जुळले तर पद्धत पक्की. बरोबर एक इंग्रजी कागद होता. मी डिक्शनरी घेऊन तो तीनदा वाचला. सगळे नमुने एकाच माणसानं तपासावेत. तपासणाऱ्याचं नाव लिहावं. झाकणं घट्ट ठेवावीत, कारण हवा लागली की क जीवनसत्त्व नासतं. वेगळं काही घडलं तर कळवावं.

तपासणाऱ्याचं नाव. मला वाटलं, आता तरी.

त्याच आठवड्यात मालकाचे पाहुणे लॅब बघायला आले. सरांनी सात नंबरची बाटली केबिनमध्ये नेली, त्यांना उघडून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला सरांच्या टेबलावर सापडली. उघडीच. मी सांगितलं तर म्हणाले, “जो आकडा येईल तो दे. बाकी लिहीत बसू नकोस.”

आकडा लई खाली आला. मी माझ्या कच्च्या वहीत लिहून ठेवलं: ‘सात नंबर सकाळी सरांच्या टेबलावर उघडी सापडली.’ पुण्याला गेलेल्या कागदावर ती ओळ नव्हती. तपासणाऱ्याच्या रकान्यात सरांचं नाव होतं. मी गप्प बसले. गप्प बसायचीही सवय होते माणसाला.

दोन महिन्यांनी मॅडम आल्या त्या यासाठी. बाकीच्या लॅबचे आकडे जुळत होते. आमची सात नंबर तेवढी खाली. त्यामुळं पद्धतीवरच शंका आलेली.

सरांनी टेबलावरून एक कागद माझ्याकडं सरकवला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे सात नंबरचा नमुना खराब झाला.’ खाली माझं नाव टाइप केलेलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. चार वर्षांत त्या लॅबच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं.

“सही कर. नोकरी जात नाही तुझी.”

मी पेन घेतलं. खरं सांगते, घेतलं. दमले होते. सही केली असती तर घरी जाऊन पडता आलं असतं. पण बापाचं नाव वाचलं आणि हात पुढं सरकेना. पेन खाली ठेवलं. तोंडातून गावची भाषाच निघाली.

“सर, मोजताना माझं नाव न्हवतं. मग चुकताना कावून?”

मी कपाटातून कच्ची वही काढली आणि ते पान मॅडमसमोर उघडलं. त्यांनी दोनदा वाचलं.

“ही नोंद आमच्याकडं का आली नाही?”

“कच्ची वही आहे मॅडम,” सर म्हणाले. “तिला काय कळतं.”

मॅडमनी ती ओळ उतरवून घेतली. “सात नंबर वगळावा लागेल. पुन्हा एक फेरी घेऊ. बाकी तुमचं आपसातलं आहे.” मग दोघं जेवायला गेले. मला वाटलं होतं, बाई आहे, एवढं तरी विचारेल की बाकीच्या बाटल्या मोजल्या कुणी. नाही विचारलं.

सोमवारी मला पॅकिंगला टाकलं. खोकी चिकटवायची.

त्या महिन्यात गावी गेलते. बापानं विचारलं, “कावून काढलं तिथनं?”

“सही केली न्हाई.”

त्यानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, “बरं केलंस. पर लई दमलीस गं.” तेवढ्यावर मी रडले. लॅबमध्ये रडले नव्हते.

पावसाळा संपता संपता दुसऱ्या फेरीचे नमुने आले. सर स्वतः पॅकिंगमध्ये आले. आधी कधी आले नव्हते. “चल, एप्रन घाल. झालं गेलं सोडून दे.” त्यांना ती गुलाबी छटा ओळखता येत नव्हती. माझ्या जागी घेतलेल्या नव्या माणसालाही जमत नव्हतं. मी खोकं खाली ठेवलं.

“आधी रकान्यात माझं नाव लिहा. मग येते.”

“तसं नसतं गं.”

“मग न्हाई येत.”

ते अजून दोनदा आले. पुण्याचे फोन येत होते. बाटल्या फ्रिजमध्ये पडून होत्या, दिवस संपत चालले होते, मला ठाऊक होतं. वाईटही वाटत होतं. पद्धत चांगली होती. त्यात माझी चार वर्षं होती.

तरी गेले नाही. जाणार नाही. हात माझे पाहिजे असतील तर नावही माझंच लिहावं लागेल. तोवर मी खोकी चिकटवीन.