वुडबी सरांचं मागणं

सरांच्या क्लासमध्ये पाणीसुद्धा सरळ मिळत नसे. कोपऱ्यात माठ, माठावर स्टीलचा पेला आणि माठाशेजारी खुर्ची टाकून स्वतः सर. तहान लागलेल्यानं उभं राहायचं आणि म्हणायचं, "सम वॉटर वुड बी नाइस, सर." नुसतं "वॉटर" म्हटलं की सर ऐकूच न आल्यासारखे खिडकीबाहेर बघत बसत. मानोरा गावच्या उन्हातून सायकल मारत आलेली पोरं त्या एका वाक्यापायी रडकुंडीला यायची. वाक्य जमलं की मात्र सर स्वतः उठत, पेला भरून हातात देत आणि हळू पिण्याबद्दलही तसंच एक मऊ वाक्य ऐकवत.

क्लास होता बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर. बाकीचे स्पोकन इंग्लिशवाले काळ आणि क्रियापदं पाठ करून घ्यायचे. आमच्या सरांचा सगळा जीव 'वुड बी' आणि 'कुड बी'वर. त्यांच्यापुढे नाइस, फाइन, हेल्पफुल, पॉसिबल असलं एखादं विशेषण लावायचं, की झालं इंग्रजी. "इतक्यावर मानूस लंडनले जाऊन वापस येते," असं ते सांगत. स्वतः ते अकोल्याच्या पुढं कधी गेले नव्हते. तर नाव पडलं वुडबी सर. लग्न ठरलेल्या मुलालाही आपल्याकडे वुडबी म्हणतात आणि सरांचं लग्न झालेलं नव्हतं. खालचे दुकानदार गोपाळभाऊ गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "साठी आली तरी आमचे सर वुडबीच!" सर त्यावर सगळ्यांच्या आधी हसत. मग वर जाऊन त्याच खोलीत, बाकं भिंतीला सरकवून, एकट्यापुरती खिचडी टाकत.

"आपन वऱ्हाडी मानसं मांगतो कसं? दे. सरक. आन. अरे, समोरच्याले नाही म्हनाची जागा ठेवा नं जराशी!" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी व्हायचंच. आणि त्यांचा नियम होता, की मांगनं जितकं मोठं, वाक्य तितकं नरम. मी हा नियम दिग्रसच्या एसटीत वापरून पाहिला. खिडकीशी बसलेल्या बाईला म्हटलं, "द विंडो सीट वुड बी वंडरफुल." बाई दचकली. "काय म्हन्ते वं हे पोरगी? उलटी येऊन राह्यली काय तुले?" असं म्हणून तिनं घाईघाईनं खिडकी सोडली. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "काम झालं नं पन?"

त्यांची स्वतःची कामं मात्र होत नसत. माडीवरचा पंखा बंद पडला तेव्हा ते घरमालकाला म्हणाले, "दुरुस्त झाला त बरं होईल. नाही झाला तरी चालते." तो पंखा पुढचे दोन उन्हाळे तसाच लटकत राहिला. मी चिडायची. "सर, त्यायले सरळ सांगा नं!" तर म्हणत, "असंल बाई त्यायची काही अडचन." नाही म्हणायची जागा ते इतकी ऐसपैस ठेवत, की आपल्याकडे काही मागितलंय हेच लोकांच्या ध्यानात येत नसे.

बारावीनंतर मला पुण्याला शिकायला जायचं होतं आणि घरात कोणाचंही मन नव्हतं. तेव्हा सर एकदा आमच्या गावी आले. दोन तास बसले. तूर, सोयाबीन, म्हशीचा आजार, सगळं बोलून झालं, दोनदा चहा झाला. माझा विषय नाही. मी आतून दात-ओठ खात होते. शेवटी चपला घालताना, बाबांकडे न बघता ते म्हणाले, "पोरगी पुन्याले गेली त बरं होईल, असं मले वाटते. नाही गेली तरी काही नाही."

सर निघून गेल्यावर बाबा ओसरीवरून आत आले. मग मला म्हणाले, "मास्तरनं आजलोक कोनाले काही मांगलं नाही. आज मांगलं. जाय तू." माझ्या बाबांना इंग्रजीचं अक्षर येत नाही.

पुण्यात नोकरी लागली आणि दिवसभर सरांचीच वाक्यं कानावर पडू लागली. धिस वुड बी ग्रेट. दॅट वुड बी हेल्पफुल. इथे ती सगळे सगळ्यांना लिहितात आणि कोणी मनावर घेत नाही. मीही घेईनाशी झाले.

गेल्या साली गणपती उठल्यावर सरांचा मेसेज आला. मराठीत अर्थ सांगायचा तर असा, की तू इकडे आलीस तर छान होईल, पुढचा आठवडा चालेल, पण नाही जमलं तरी तेही ठीकच होईल. वुड बी नाइस, वुड बी फाइन, वुड बी ओके. मी मीटिंगमध्ये होते. टेबलाखाली फोन धरून उत्तर लिहिलं, "शुअर सर, दिवाळी वुड बी ग्रेट!" त्यांचा अंगठा आला. मी फोन पर्समध्ये टाकला.

नवरात्रात सर गेले.

दिवाळीत मी मानोऱ्याला गेले. गोपाळभाऊंनी माडीची किल्ली दिली, पण वर जायचं माझं धाडस झालं नाही. दुकानात पोत्यावरच बसले. त्यांनीच सांगितलं. पोटाचं ऑपरेशन होतं, अकोल्याला. डॉक्टरांनी लवकर करा म्हटलं होतं आणि सोबत घरचं माणूस आणायला सांगितलं होतं. "म्या म्हनलं, मी येतो नं सर. त म्हने, तुमचा हरभऱ्याच्या बियान्याचा सीझन हाय, तुमी दुकान पाहा. पोरगी येनार हाय दिवाळीत, तवाच करू." गोपाळभाऊ पुढं म्हणाले, "तुमचा मेसेज दाखवे ना सगळ्यायले. म्हने, पाहा, एका वाक्यात कशी तारीख देल्ली पोरीनं. काही चूक हाय काय?"

चूक नव्हतीच. वाक्य सरांनीच घोटून घेतलेलं होतं.

परत येताना एसटीत खिडकीची जागा आपसूक मिळाली आणि मी मंगरूळपीर येईपर्यंत रडत होते. शेजारच्या बाईनं न मागता पाण्याची बाटली पुढं केली. "घे वं माय, पे," म्हणाली. त्या मेसेजला मी एवढंच लिहायला हवं होतं: सर, मी येऊन राह्यली.