वनमालाआत्याचं गाऱ्हाणं

गुलाबाचं फूल बघितलं की वनमालाआत्याच्या डोक्यात तिडीक जायची. दहिसरच्या तिच्या चाळीत बहुतेक सगळे मालवणाकडच्या एकाच गावचे. त्यांच्या मंडळाच्या वार्षिक पूजेला दहावी-बारावी पास झालेल्या पोरांना स्टेजवर बोलावून एक गुलाब आणि एक भिंतीवरचं घड्याळ द्यायची रीत होती. टाळ्या, फोटो, मग सगळे पुरीभाजीकडे. पुढं त्या पोराचं काय झालं, हे विचारायला कुत्रंही फिरकायचं नाही. घरी बसून त्याच घड्याळात वेळ बघा म्हणावं, असं आत्या उघड म्हणायची. मंडळातले पुरुष हसण्यावारी न्यायचे.

तिचा राग आजचा नव्हता. तिचे वडील गावाहून येऊन गिरणीत लागले, तेव्हा गावच्याच एका माणसानं त्यांना हात धरून गेटावर नेलं होतं. त्यांनीही पुढं कितीतरी पोरांना तसंच नेलं. आधी लागलेल्यानं मागून आलेल्याला न्यायचं, हा तेव्हा गावची माणसं मुंबईत एकत्र राहायची त्या खोलीतला कायदाच होता. मग संप झाला, गिरणी बंद पडली, आणि नेमका त्याच सुमाराला तिचा धाकटा भाऊ बाळा दहावी पास झाला. ज्यांना दुसरीकडे कामं मिळाली त्यांनी आपापली पोरं चिकटवली. बाळाला न्यायला कोणी आलं नाही. तो चाळीच्या जिन्यात बसला तो बसलाच. अधूनमधून हमाली, मग दारू. वनमाला औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या कारखान्यात लागली, लग्नबिग्न राहून गेलं आणि भावाचं घर तिनंच ओढलं.

आता बाळाची मुलगी रुचिरा बारावी होऊन दोन वर्षं घरात होती. मोबाइलवरून अर्ज पाठवायची, उत्तर यायचं नाही. हल्ली ती जिन्यात जाऊन बसायला लागली होती, बाप बसायचा त्याच पायरीवर. ते बघितल्यापासून आत्याला अन्न गोड लागत नव्हतं.

तिनं मंडळाच्या बैठकीत सरळ मांडलं होतं. प्रत्येक नोकरदार सभासदानं एकेक पोर आठ दिवस आपल्या कामावर न्यावं, काम दाखवावं, साहेबाशी ओळख करून द्यावी. परेश लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर होता, सेक्रेटरी राजेश हॉस्पिटलच्या ऑफिसात, आणखी कोण बँकेत, कोण प्रेसमध्ये. राजेश म्हणाला, आयडिया झकास आहे, समिती नेमू. समिती नेमली. समितीनं बाहेरून एक वक्ता आणला. त्यानं पोरांना आपापली पॅशन शोधायला सांगितलं, शाल-नारळ घेतला आणि गाडीत बसून गेला.

आत्या राजेशला तिथंच सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या बापाला पॅशन शोधायला कोणी सांगितलं नव्हतं रे. माझ्या बापानं त्याला गेटावर नेलं होतं."

राजेश ओशाळला, पण हलला नाही.

यंदाच्या पूजेला सोनूतात्यांचा घसा बसला होता. गाऱ्हाणं दरवर्षी तेच घालायचे. एकानं सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि मागणारा पुरुषच असायचा. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले, कारण कुणालाच ते धड येत नव्हतं. वनमालाआत्यानं पदर खोचला, पुढं झाली आणि नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी जी काय सेवा केली, ती मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सवयीनं सगळ्यांचे आवाज लागले. तोंड देवाकडे आणि लक्ष पुरीभाजीत.

"परेश सोमवारी रुचिराक आपल्या वांगडा कामार घेवन जातलो, तेका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

परेशही म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचे डोळे खाडकन उघडले. शेजारची अक्षता, तीही पास होऊन घरीच बसलेली, तिला कामावर न्यायचं आत्यानं राजेशच्या गळ्यात घातलं तेव्हा त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं, पण मागून त्याच्या आईनंच खणखणीत "व्हय" म्हटलं. आत्या थांबली नाही. एकेका नोकरदाराचं नाव घेत गेली, एकेक पोर त्याच्या पदरात टाकत गेली. देवापुढं होय म्हटलेलं मागं घ्यायची छाती कुणाची होती?

मग ती नारळ घेऊन लोकांकडे वळली.

"बाळो धावी पास झाल्लो, तेचो हात कोणी धरूक नाय रे म्हाराजा."

म्हातारे जमिनीकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या काहींना तेव्हा चांगल्या नोकऱ्या होत्या, आणि आत्याला ते चेहरे पाठ होते. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

मंडपाच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बाळा बसला होता. त्यानं हात जोडले.

"व्हय म्हाराजा," तो एकटाच म्हणाला.

सोमवारी सकाळी परेश आंबट तोंडानं का होईना, जिन्याखाली येऊन उभा राहिला आणि रुचिराला घेऊन गेला. राजेश आला नाही. आत्यानं थोडा वेळ वाट बघितली. मग तिनं पायात चपला सरकवल्या, अक्षताचा हात धरला, बाळाला हाक मारली आणि तिघं राजेशच्या दाराकडे निघाली.